सांगड, काहील आणि घडीची होडी

कुंडल हें कांहीं बंदर नव्हे. समुद्र येथून सह्याद्रीच्या पलीकडे, आणि कृष्णेचा प्रवाहहि गांवाला लागून वाहत नाहीं. तो नैर्ऋत्येस कांहीं मैलांवरून जातो. पूर्वेकडून येरळा येते आणि खालीं ब्रह्मनाळ येथें कृष्णेस मिळते. औंध संस्थानांतील हें गांव १९४३ पासून प्रतिसरकारचें केंद्र म्हणून साऱ्या महाराष्ट्रास माहीत झालें. अशा गांवीं होडीच्या इतिहासाचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, ज्या मुलुखांत नदी वर्षांतील बहुतेक दिवस आपल्या पात्रांत गुमान राहते आणि एखाद्या पावसाळ्यांत एका रात्रींत घराच्या उंबऱ्याशीं येऊन ठेपते, त्या मुलुखांतल्या माणसाला होडी रोज लागत नाहीं. पण लागते तेव्हां ती तत्काळ लागते. एरवीं तिनें जागा अडवूं नये, आणि वेळ आली कीं चार हातांनीं उचलून ती पाण्यांत सोडतां यावी, अशी त्याची अपेक्षा असते.

दूर समुद्रावर, लहानशा शिडाच्या जहाजांतून फिरणाऱ्या खलाशाची अपेक्षा ह्याहून निराळी नाहीं. त्यालाहि किनाऱ्यावर जाण्यायेण्यासाठीं एक धाकटी होडी लागते, आणि ती ठेवावयास त्याच्यापाशीं जागा नसते. हलकेपणा, आटोपशीरपणा आणि विश्वास, हे तीन गुण त्या धाकट्या होडींत एकत्र आणावयाचे. आणि हे तिन्ही एकमेकांशीं भांडणारे. होडी हलकी करावी तर ती दुबळी होते. घडीची करावी तर सांधे वाढतात आणि सांध्यांतून पाणी शिरतें. मजबूत करावी तर ती जागची हलत नाहीं. ह्या भांडणाचा निवाडा निरनिराळ्या काळीं माणसानें कसा केला, तें आज पाहूं.

प्रथम शब्दांचा माग काढूं. जहाजाबरोबरच्या लहान होडीस इंग्रज लोक 'डिंगी' म्हणतात. पण तो शब्द मूळचा त्यांचा नव्हे. हिंदी व बंगाली बोलींत लहान होडीला 'डिंगी' किंवा 'डेंगी' म्हणतात. कंपनीच्या अमदानींत इंग्रज खलाशांनीं तो शब्द येथून उचलला आणि सातासमुद्रांपार नेला. आपल्याकडे संस्कृत 'द्रोणी'पासून 'डोण' आणि 'डोणी' हे शब्द आले. विहिरीपाशीं गुरांना पाणी पाजण्यासाठीं ठेवलेली डोण आणि नदींत तरणारी डोणी ह्यांचें मूळ रूप एकच, पोकळ कोरलेलें लांकूड. एकींत पाणी आंत ठेवावयाचें आणि दुसरींत बाहेर, एवढाच काय तो फरक.

ह्याहूनहि अर्थपूर्ण शब्द आहे 'सांगड'. दोन होड्या जोडून, किंवा वाळलेले पोकळ भोपळे एकत्र बांधून केलेलें तरण्याचें साधन म्हणजे सांगड. 'सांगड घालणें' हा वाक्प्रचार आपण घरांत व सभेंत नित्य वापरतों. परंतु तो नदीवरून आलेला आहे, ह्याची आठवण फारशी कोणास राहिलेली नाहीं. भोपळ्याची सांगड ही हलक्या साधनाची परमावधि होय. वाळलेला भोपळा एका हातानें उचलतो, आढ्याला टांगून ठेवला तर जागा अडवीत नाहीं, आणि त्याला खर्च जवळजवळ नाहींच. उणीव एवढीच कीं, सांगडीवरचा माणूस अर्धा पाण्यांतच असतो. ती त्याला बुडूं देत नाहीं. पण कोरडेंहि ठेवीत नाहीं. म्हातारें माणूस, तान्हें मूल किंवा धान्याचें पोतें तिच्यावरून न्यावयाचें कसें?

ह्या प्रश्नाचें फार जुनें उत्तर म्हणजे कातड्याची होडी. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ह्यानें बाबिलोनच्या होड्यांचें मोठें गमतीदार वर्णन करून ठेवलें आहे. वरच्या आर्मेनिया प्रांतांत वाळुंजाच्या काठ्यांचा सांगाडा करीत, त्यावर बाहेरून कातडें चढवीत, आणि ढालीसारख्या वाटोळ्या ह्या होडींत माल भरून युफ्रेटिसच्या प्रवाहाबरोबर खालीं येत. प्रत्येक होडींत एक जिवंत गाढव असे. बाबिलोनास पोहोंचल्यावर माल विकावा, सांगाड्याच्या काठ्याहि विकून टाकाव्या, आणि कातडीं गाढवाच्या पाठीवर घालून पायवाटेनें घरीं परतावें, असा त्यांचा क्रम होता. प्रवाहाविरुद्ध होडी नेतां येत नाहीं, म्हणून होडीच गाढवावर बसून परत जाई! मोडून, गुंडाळून, वाहून नेतां येणाऱ्या होडीचें इतकें जुनें आणि इतकें स्पष्ट वर्णन दुसरें क्वचितच सांपडेल.

हीच जात आपल्या दक्षिणेंतहि नांदत होती. सन १५२० च्या सुमारास विजयनगर पाहून गेलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पायस ह्यानें तुंगभद्रेवर आनेगुंदीकडे जाणाऱ्या टोपलीसारख्या वाटोळ्या होड्यांचा उल्लेख केला आहे. आंतून वेताचें विणकाम, बाहेरून कातडें. पंधरा-वीस माणसें बसत, प्रसंगीं घोडे आणि बैलहि पार करीत. सरळ जाणें मात्र त्या होडीच्या स्वभावांत नव्हे. वल्हें मारलें कीं ती गरगर फिरते, आणि फिरत फिरतच पैलतीर गांठते. तुंगभद्रा ही कृष्णेचीच उपनदी. म्हणजे ही होडी आमच्या नदीच्या कुटुंबांतलीच म्हणावयाची.

ह्या क्षुद्र दिसणाऱ्या टोपलीनें महाराष्ट्राच्या इतिहासांत एकदां मोठें काम केलें आहे, आणि तें आपल्याविरुद्ध. आर्थर वेलस्ली ह्यानें १८०० सालीं धोंडजी वाघाच्या पाठलागांत कृष्णाखोऱ्यांतील भरलेल्या नद्यांचा अनुभव घेतला होता. त्यावरून त्यानें असा हिशेब बसविला कीं, मराठ्यांशीं लढावयाचें तर नद्या भरलेल्या असतांना लढावें. मराठ्यांचें बळ घोडदळाच्या वेगांत. तो वेग नदीच्या काठाशीं येऊन थांबतो. ज्याच्याबरोबर होड्या आहेत, त्याला मात्र नदी आड येत नाहीं. आणि त्या होड्या म्हणजे काय, तर रानांतल्या काटक्या विणून त्यांवर जनावरांचीं कातडीं ताणलेल्या टोपल्या! १२ ऑगस्ट १८०३ रोजीं अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर त्याच महिन्यांत त्याचें सैन्य अशा टोपल्यांतून गोदावरी उतरून गेलें, आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. कोंकण किनाऱ्यावर ज्यांच्या गुराबा-गलबतांचा एके काळीं दरारा होता, त्यांच्याविरुद्ध घांटावरच्या नद्यांत हा हिशेब मांडला जावा, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आमच्या ऊंसाच्या मुलुखांत टोपलीचें काम गुऱ्हाळाच्या काहिलीनें केलें आहे. काहील, कोणी काईल म्हणतात, ही रस आटविण्याची लोखंडी पत्र्याची, पसरट व सपाट बुडाची कढई. गुऱ्हाळें सुगीनंतर सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं थंडावतात. पावसाळ्यांत काहील रिकामी पडलेली असते. नेमक्या त्याच दिवसांत नदी भरते. तेव्हां सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत माणसांनीं काहील उचलून पाण्यांत लोटावी आणि तिच्यांतून पैलतीर किंवा पुरांतलें घर गांठावें, ह्यांत नवल नाहीं. निराळी होडी करावयास नको, ठेवावयास नको. एकाच वस्तूची दोन कामांशीं सांगड घातली गेली.

पण काहिलीचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. कारण तोच साऱ्या लहान होड्यांचा हिशेब आहे. सहा फूट व्यासाची उभ्या काठाची एक काहील घ्या. ती पाण्यांत अर्धा फूट बुडाली म्हणजे सुमारें चौदा घनफूट पाणी बाजूस सारते, आणि तेवढ्या पाण्याचें वजन सुमारें चारशें किलो भरतें. काहिलीचें स्वतःचें वजन शंभर किलो धरलें, तर तीनशें किलो उरले. म्हणजे साठ किलोंचीं पांच माणसें. ह्यापुढें चढणाऱ्या दर माणसागणिक काठ जवळजवळ एक इंच खालीं जातो. हा झाला स्थिर पाण्यांतला आणि सगळीं मध्यावर बसलेलीं असतांनाचा हिशेब. पुराच्या पाण्याला लाट असते, भोंवरा असतो, वाहून येणारीं झाडें असतात. आणि घाबरलेलीं माणसें एका बाजूस सरतात. मग जो काठ कागदावर चार बोटें वर दिसत होता, तो पाण्याखालीं जावयास क्षणहि लागत नाहीं. आणि भोपळा उलटला तरी तरतो. लोखंडाची काहील भरली कीं सरळ तळ गांठते.

आतां समुद्राकडे वळूं. शिडाचें जहाज उथळ किनाऱ्याशीं लागत नाहीं. तें दूर नांगर टाकून उभें राहतें. किनाऱ्यावर जावयाचें, गोडें पाणी आणावयाचें, वादळांत दुसरा नांगर दूर नेऊन टाकावयाचा, हीं सारीं कामें धाकट्या होडीचीं. ती मागें बांधून ओढीत न्यावी तर जहाजाचा वेग खाते आणि खवळलेल्या समुद्रांत पाण्यानें भरून दोर तोडते. वर डेकवर घ्यावी तर शिडें हाताळावयास जागा उरत नाहीं. उत्तर अमेरिकेच्या कॉड मासे धरणाऱ्या जहाजांनीं ह्यावर एक सोपा तोडगा काढला. त्यांच्या डोरी नांवाच्या होड्या सपाट बुडाच्या आणि वर पसरत गेलेल्या काठांच्या असत. आंतल्या बसावयाच्या फळ्या काढून घेतल्या म्हणजे, फडताळांतल्या वाट्या एकींत एक बसाव्या तशा, त्या डेकवर एकींत एक बसत.

जोशुआ स्लोकम हा खलाशी १८९५ सालीं एकटाच 'स्प्रे' नांवाच्या सुमारें सदतीस फुटी शिडाच्या होडींतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा तो पहिला मनुष्य. पुरी डोरी ठेवावयास त्याच्यापाशीं जागा नव्हती. त्यानें एक डोरी मधोमध आडवी कापली, कापलेल्या तोंडाला फळ्या मारल्या, आणि ती अर्धी होडी बरोबर घेतली. तीच किनाऱ्यावर जाण्याची होडी, आणि तीच कपडे धुण्याचें टप. १८९८ सालीं तो परत आला. त्याची ही अर्धी डोरी आणि आमची काहील ह्या सख्ख्या बहिणी शोभतील!

कापण्याऐवजीं घडी करण्याचा मार्ग एका इंग्रज धर्मोपदेशकानें काढला. १८५० सालीं 'ओरायन' नांवाची आगबोट स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ बुडाली आणि पुष्कळ माणसें प्राणास मुकलीं. त्यावरून एडवर्ड बर्थन ह्याच्या मनानें घेतलें कीं, प्रवाशांना पुरतील इतक्या होड्या आगबोटीवर ठेवावयाच्या तर त्या घडीच्या असल्या पाहिजेत. दोन्ही टोंकांशीं बिजागरीनें जोडलेल्या लांब लाकडी बरगड्या आणि त्यांवर आंतून व बाहेरून कॅनव्हासचें दुहेरी कातडें, अशी त्याची रचना होती. मिटली म्हणजे ती पुस्तकासारखी चपटी होई. आरमारानें आरंभीं ती नाकारली. वीस-एक वर्षांनंतर, १८७० नंतरच्या दशकांत, तीच मोठ्या संख्येनें विकत घेतली. पीटर हॅल्केट नांवाच्या नौदलाच्या अधिकाऱ्यानें तर १८४० नंतरच्या वर्षांत अंगावर पांघरावयाच्या झग्याचीच होडी केली. रबर चढविलेल्या कापडाचा तो झगा भात्यानें फुगविला कीं होडी होई. आरमारास तिचा उपयोग दिसला नाहीं. पण जॉन रे ह्यानें उत्तर ध्रुवाकडील शोधांत तिच्याच जातीची होडी वापरून नद्या ओलांडल्या.

घडीच्या होडीची खरी परीक्षा मात्र १९१२ च्या एप्रिल महिन्यांत 'टायटॅनिक' बुडाली त्या रात्रीं झाली. त्या जहाजावर एकंदर २० होड्या होत्या. त्यांपैकीं चार कॅनव्हासच्या बाजू उभ्या करून वापरावयाच्या, एंगलहार्ट पद्धतीच्या होत्या. त्यांतल्या दोन होड्या अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या छतावर बांधून ठेवलेल्या. त्या खालीं उतरविण्याची सोय नव्हती. जहाज पाण्याखालीं जात असतां खलाशी त्या ओढून काढीत होते. एक उलटीच पाण्यांत पडली आणि माणसें तिच्या बुडावर उभीं राहून पहांटेची वाट पाहत राहिलीं. दुसरी पाण्यानें भरली. होडीचा दोष नव्हता. ती आटोपशीर होती, जागा अडवीत नव्हती. पण हाताशी नव्हती. थोड्या जागेंत मावणें आणि वेळेवर मिळणें, हे दोन निराळे गुण आहेत, हा धडा त्या रात्रीनें शिकविला.

पुढें रबराच्या हवा भरलेल्या होडीनें कॅनव्हासची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांचे प्राण तिनें वांचविले. १९५२ सालीं आलँ बोंबार ह्या फ्रेंच डॉक्टरानें अशाच साडेचार मीटर लांबीच्या होडींतून कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंत ६५ दिवसांत अटलांटिक ओलांडला, आणि फुगविलेली होडी म्हणजे खेळणें नव्हे, हें जगास पटविलें. तत्त्व पाहिलें तर ही आमच्या भोपळ्याचीच नात. पोकळींत हवा कोंडावयाची आणि तिच्या बळावर तरावयाचें. एक कप्पा फाटला तरी दुसरे तारतात.

दुसरीकडे प्लायवुड आलें, आणि त्याबरोबर एक जुनी विद्या नव्या वेषांत परत आली. १९६३ सालीं इंग्लंडांत निघालेल्या 'मिरर' नांवाच्या घरगुती होडीनें तिचा प्रसार केला. प्लायवुडच्या पातळ फळ्या कापाव्या, कडेला बारीक भोंकें पाडून तांब्याच्या तारेनें एकमेकींस शिवाव्या, आणि सांध्यावर राळ व काचतंतूंची पट्टी चढवावी. आंत जड बरगड्या लागत नाहींत; फळीचा बांकच होडीला ताठपणा देतो. फळ्या शिवून जहाज बांधण्याची ही कला हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर फार पुरातन आहे. तेथें तारेऐवजीं काथ्या. अजिंठ्याच्या चित्रांतील पांचव्या शतकांतल्या जहाजावरून गोव्यांत शिवून बांधलेलें 'कौंडिण्य' हें जहाज २०२५ च्या मे महिन्यांत भारतीय नौदलांत दाखल झालें, हें श्रोत्यांना आठवत असेल.

ह्या शिवणकामांतूनच शिडाच्या जहाजासाठीं आज दुभंग होडी केली जाते. तिची रीत स्लोकमचीच, पण अधिक विचाराची. आठ फुटी होडी बांधतांना मध्यावर एका फळीऐवजीं दोन आडव्या भिंती अगदीं जवळ जवळ बसवितात. होडी पुरी झाली म्हणजे त्या दोन भिंतींच्या मधून करवत चालवितात. दोन स्वतंत्र भाग होतात. प्रत्येक आपल्या भिंतीमुळें पाणबंद. पुढचा निमुळता भाग मागच्या रुंद भागांत बसतो आणि सारें ओझें निम्म्या जागेंत मावतें. पाण्यांत उतरतांना दोन्ही भाग बोल्टांनीं आवळावयाचे. वजनाची कल्पना यावी म्हणून सांगतों: मुलांना शीड शिकविण्यासाठीं १९४७ सालीं अमेरिकेंत निघालेली 'ऑप्टिमिस्ट' होडी २.३६ मीटर लांब असते आणि तिची काया ३५ किलोंची. दोन माणसांनीं सहज उचलावी एवढेंच हें वजन. पण आमच्या काहिलीप्रमाणें तिलाही तिची मर्यादा आहे, आणि ती कोणत्याही घडीनें मोडतां येत नाहीं.

आतां पुन्हां कृष्णेकडे येऊं. १९२९ सालीं सांगलीस आयर्विन पूल झाला. ह्या पुलापाशीं पाणी ४५ फुटांवर गेलें कीं धोका समजतात. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत तें ५७ फुटांच्या वर गेलें. पलूस तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्यानें वेढलीं. रस्ते बुडाले, मदतीच्या रबरी होड्या दुरून यावयाच्या होत्या. ८ ऑगस्ट रोजीं ब्रह्मनाळ येथें, येरळा जेथें कृष्णेस मिळते त्या गांवीं, बाहेर पडूं पाहणाऱ्या माणसांनीं ओथंबलेली एक होडी उलटली, आणि बारांहून अधिक माणसें बुडून गेलीं. त्यांत स्त्रिया होत्या, लेंकरें होतीं. ज्यांना पाणी वाढत असतां दुसरी होडी दिसत नव्हती, त्यांनीं पहिलींतच पाय टाकला. त्यांना दोष देणें हें कोरड्या जागीं बसलेल्याचें शहाणपण झालें. दोष हा कीं, दुसरी होडी तेथें नव्हती.

सांगडीपासून रबरी होडीपर्यंतचा हा इतिहास जर कांहीं सांगत असेल, तर हेंच. होडी किती मोठी, हा प्रश्न दुय्यम होय. एका मोठ्या होडीपेक्षां चार हलक्या होड्या बऱ्या. कारण मोठी होडी एकाच ठिकाणीं असते आणि तींत सगळेच चढतात. हलकी होडी गांवच्या चावडींत, शाळेच्या पडवींत, गुऱ्हाळाच्या छपराखालीं भिंतीला टेकून राहूं शकते. पण ती तेथें राहिली पाहिजे, टायटॅनिकच्या छतावरच्या होडीसारखी बांधून विसरतां कामा नये. तिच्या काठावर किती माणसांनीं बसावें तो आंकडा मोठ्या अक्षरांत रंगविलेला असावा, आणि वर्षांतून एकदां, नदी शांत असतांना, गांवच्या पोरांनीं ती पाण्यांत उतरवून वल्हवून पाहावी. सांगलीजवळच्या गांवांत कृष्णेवर होड्यांच्या शर्यतींची हौस आहेच. त्या हौसेला हें वळण लावणें अवघड नाहीं.

आणि अशी होडी बांधणें हें काम दूरच्या गोदीचेंच आहे असेंहि नाहीं. कुंडल रोड स्टेशनापाशीं ओसाड माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखान्याचा पाया घातला आणि तेथून शेतकऱ्याच्या हातीं लोखंडी नांगर गेला. लोखंडाच्या नांगरावर विश्वास ठेवावयास त्या वेळीं शेतकरी बिचकत होता. पुढें त्याच नांगरानें त्याची जमीन उलथली. पातळ फळीच्या, तारेनें शिवलेल्या होडीकडे पाहूनहि आज कोणी बिचकेल. सुताराचा हात, चार फळ्या, थोडी राळ आणि नेमका हिशेब, एवढीच तिची सामुग्री. ह्या मुलुखाला त्यांतलें कांहींच अपरिचित नाहीं. पाणी पुन्हां वाढेल, हें कृष्णाकांठीं कोणास सांगावयास नको. त्या दिवशीं दारापाशीं होडी असावी, आणि तिच्यानंतर दुसरीहि असावी.